पॉटर्स कॉप्सची जात

५ एप्रिल, शनिवार

महाराष्ट्र मंडळाचा पाडवा झाला. इंग्लंडातल्या या मिल्टन कीन्समध्ये पाडवा प्रतिपदेला येत नाही, कम्युनिटी सेंटरचा हॉल मोकळा मिळेल त्या शनिवारी येतो. गुढी हॉलच्या आत, कारण बाहेर वारा. प्रसादात कडुलिंबाऐवजी कढीपत्ता, कारण "पाल्याला पाला". हे मीनाक्षी म्हणाली आणि वर हसली. वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या बाईसमोर असं बोलायला धाडस लागतं, नाहीतर तिच्या डॉक्टरेटची कुणाला आठवण नसावी लागते. इथे दुसरं कारण.

आठवण राहावी असं मी तरी काय केलंय? एकोणीस वर्षं इथल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या. नवरा, रघुवीर, हॉस्पिटलमध्ये लोकांना भूल देत होता, मी काच घासत होते. दोघांच्याही कामात बोलायला जागा नव्हती. फेब्रुवारीत एका इकॉलॉजी कंपनीने सहा महिन्यांचं कंत्राट दिलं: आसपासच्या ओकच्या रानांचं वर्गीकरण.

"म्हणजे नक्की काय करतेस गं?" शिल्पाने विचारलं.

"रानांना नंबर देते."

"अय्या, म्हणजे डेटा एन्ट्री!"

हो म्हटलं. मंडळाच्या जेवणात खरं बोलायची पद्धत नाही.

रघुवीर जानेवारीत निवृत्त झाला. आज चार लोकांत त्याने जाहीर केलं की तो गोल्फ शिकणार आहे. म्हणजे आता हेही. (इथे त्याला एकेरीत लिहिते. तोंडावर अहो-जाहो. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर उरलेलं स्वातंत्र्य हे एवढंच.)

८ एप्रिल, मंगळवार

या देशात प्रत्येक रानाला नंबर आहे. ओकचं रान म्हणजे सगळं एकच असं नाही. आम्लधर्मी मातीवर ओक, त्याखाली ब्रॅकनचा नेचा आणि ब्रॅम्बलची काटेरी जाळी असली तर ते डब्ल्यू टेन. चुन्याच्या मातीवर ओकच्या जोडीला अ‍ॅश आणि मेपल, खाली डॉग्ज मर्क्युरीची हिरवी गर्दी, तर ते डब्ल्यू एट. मग उपजाती, पोटजाती. आमच्या जातिव्यवस्थेवर भाषणं देणारे हेच लोक झुडपाला विचारतात, मूळचे कुठले तुम्ही?

पद्धत अशी. रानात एकसारखा दिसणारा भाग निवडायचा. चार बांबूच्या काठ्या रोवून दोरीची चौकट आखायची. तिच्यात जे उगवलंय ते आणि किती, एवढंच टिपायचं. चौकटीबाहेर सोन्याचं झाड असलं तरी ते आपलं नाही. मला ही शिस्त फार आवडते. माणसांनाही लागू करायला हवी.

आज ग्रॅहमने पॉटर्स कॉप्स माझ्याकडे दिलं. ग्रॅहम माझा साहेब. वय पस्तीस, दाढी एखाद्या ऋषीची, अक्कल त्याच्या सायकलची. कॉप्स म्हणजे पूर्वी बुंध्याशी तोडून पुन्हा फुटू दिलेलं रान. शहराच्या कडेला हे एवढंसं उरलंय आणि त्याच्या मधून बायपास जायचाय. रस्तेवाले आमचे अशील. रान सोळाशे सालापासून सलग उभं आहे असं ठरलं तर रस्त्याला वळसा घालावा लागेल. जुन्या नकाशांत त्या जागी काहीच दाखवलेलं नाही. तेव्हा साक्ष द्यायची ती वनस्पतींनी. काही वनस्पती नव्या रानात पाऊल टाकत नाहीत. त्या सापडल्या तर रान जुनं.

"बॉग स्टँडर्ड डब्ल्यू टेन असणार," ग्रॅहम म्हणाला. म्हणजे अगदी मामुली. तेही रान न बघता. रिपोर्ट मेअखेर कौन्सिलला.

११ एप्रिल, शुक्रवार

रघुवीरने गाडीतून सोडलं. मी गाडी चालवत नाही. या गावात प्रत्येक रस्ता राउंडअबाउटला संपतो आणि माझी टेस्टही तिथेच संपली होती. तो म्हणाला, "मी थांबतो, शब्दकोडं आहे." थांबा.

आत शिरल्या शिरल्या पडता पडता वाचले. कुंपणापासून थोडं आत एक लांबलचक उंचवटा आहे, त्याला लागून चर, चरात पालापाचोळा, पाचोळ्याखाली पाणी. इंग्रजांना सरळ जमीन ठेवता येत नाही. रघुवीर शब्दकोडं सोडून धावत आला आणि हात दिला. मी घेतला, कारण दुसरा पर्याय चर होता.

पाच चौकटी आखल्या. ब्लूबेल भरपूर, पण ती हल्ली कुठेही उगवते. ब्रॅम्बल. ब्रॅकनची नुकती वर येणारी मुठीएवढी डोकी. हनीसकल. एका चौकटीत वुड अ‍ॅनिमोनीची चार पांढरी फुलं, तीही एकमेकांशी न बोलणारी. खानदानी म्हणावं असं बाकी काही नाही. ग्रॅहम बरोबर निघणार, या विचाराने पित्त झालं.

मेमध्ये पुन्हा यायचंय, म्हणून काठ्या तशाच ठेवल्या. दशम्या एका पडलेल्या ओकवर बसून खाल्ल्या. तो ओंडका कोरडा होता म्हणून. दोन तास बसले, तेही त्याच कारणाने.

१३ एप्रिल, रविवार

जेवताना रघुवीर म्हणाला, "रानाचं काय होणार मग?"

"रस्ता होणार. तुमच्या गोल्फ क्लबला दहा मिनिटं लवकर पोचाल."

"पण कुठलं झाड सापडलं तर वाचेल?"

तीस वर्षांत त्याने मला वनस्पतींबद्दल विचारलेला हा दुसरा प्रश्न. पहिला होता, "या कोथिंबिरीला वास का नाही?" मी चिडूनच होते. धाडधाड नावं फेकली. सॅनिकल, वुडरफ, डॉग्ज मर्क्युरी. यातली दोनतीन चौकटी भरून सापडली की ग्रॅहमची दाढी गळून पडेल, म्हटलं. त्याने प्रत्येक नाव पुन्हा उच्चारून घेतलं, औषधाचा डोस पक्का करतात तसं. मग ताक मागितलं. विषय संपला. माणसाची जिज्ञासा ताकाच्या वाटीएवढीच.

१९ एप्रिल, शनिवार

गोल्फ सुरू झालं. सकाळी जातो, दुपारी येतो. पँटच्या गुडघ्यांना चिखल. गोल्फमध्ये गुडघे टेकतात हे मला माहीत नव्हतं. बहुधा हरल्यावर.

परवा त्याच्या नावाने एक मोठं खोकं आलं. खोक्याला चारी बाजूंनी भोकं. "बूट आहेत," म्हणाला आणि लगबगीने शेडमध्ये घेऊन गेला. या देशात बुटांनाही हवा खेळती लागते.

२४ एप्रिल, गुरुवार

गोल्फ. आज पँट काट्यात अडकून फाटली. चेंडू झुडपात गेला होता म्हणे. दुसरी पँट बिघडवू नका म्हटलं, तर म्हणाला, "आता झालं, एवढ्यात जायचं नाही." आठवडाभरात कंटाळला! मी हे पाडव्यालाच ओळखलं होतं.

२६ एप्रिल, शनिवार

‘फ्रेंड्स ऑफ पॉटर्स कॉप्स’ची सभा, चर्चच्या हॉलमध्ये. सात माणसं, पाच कुत्री. मित्र कोण ते मोजणीवरून ठरवायचं झालं तर कुत्री सरस, ती निदान रानात जाऊन काहीतरी ठेवून येतात.

अध्यक्षीण मिसेस हार्टली. वय सत्तरच्या पुढे, जाकिटावर घुबडाची पिन. मी शास्त्रज्ञ म्हणून आलेय असं कळल्यावर माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "वी नो इट्स ओल्ड, डिअर. वी फील इट."

मी विचारलं, "व्हॉट डू यू फील इट विथ?"

तिने छातीवर हात ठेवला. कौन्सिलला जोडपत्र म्हणून छाती कशी जोडायची ते मात्र सांगितलं नाही. बिस्किटं बरी होती.

९ मे, शुक्रवार

घरी आल्या आल्या, बूट न काढता लिहितेय.

दुसरी पाहणी. पहिल्या चौकटीत गुडघे टेकले आणि समोर सॅनिकल! तळहातासारखी पानं, वर फिकट फुलांचे गेंद. तिच्याशेजारी वुडरफ, देठाभोवती पानांची चक्रं. आणि डॉग्ज मर्क्युरी. दुसऱ्या चौकटीत तेच. तिसऱ्या, चौथ्या, तेच! पाचवी मात्र कोरी. ती ब्रॅम्बलच्या काट्यात आहे, तिथे प्रकाश कमी पडत असेल.

आता प्रश्न असा की एप्रिलमध्ये ही मला दिसली कशी नाहीत. मर्क्युरी तर फेब्रुवारीतच वर येते. पण त्या दिवशी चरात पडता पडता माझा तोल गेला होता आणि लक्षही. कोवळी पानं ब्लूबेलच्या दाटीत लपली असणार. वनस्पतींचं असंच असतं, पाहणारा लायक झाला की दिसतात.

त्याहून मोठी गोष्ट. ही तिन्ही चुन्याच्या मातीतली. वरची माती आम्लधर्मी, मग खाली चुन्याचा पट्टा असलाच पाहिजे, कुणालाच न सापडलेला! डब्ल्यू टेनच्या पोटात डब्ल्यू एट. असा वनस्पतिसमाज आजवर कुणी वर्णिलेला नाही. नाव द्यावं लागेल.

गाडीत येऊन बसले तर रघुवीर चक्क जागा. शब्दकोडं कोरं. "सापडलं काही?" आवाज कसा तरीच होता.

"तुम्हाला सांगून काय कळणार?"

"नाही, तरी."

"सॅनिकल. वुडरफ. मर्क्युरी."

तो इतका खूश झाला की राउंडअबाउटला दोन फेऱ्या मारल्या. त्याला नावं पाठ होती याचं जरा आश्चर्य वाटलं. भूलतज्ज्ञांची स्मरणशक्ती बरी असते. रुग्णांचीच ते घालवतात.

१२ मे, सोमवार

ऑफिस. कॉम्प्युटरवर नमुने जुळवायचं काम देविका करते. जन्म ईलिंगचा, मराठी आजीकडून शिकलेलं आणि आजी लवकर गेली असावी.

"वैजयंतीमावशी, हा रान कन्फ्यूज झाली आहे," ती म्हणाली. "सॉफ्टवेअर म्हणतो, अर्धा डब्ल्यू टेन, अर्धा डब्ल्यू एट. इट्स लाइक टू वुड्स इन वन."

"सॉफ्टवेअरला म्हणावं, पुस्तकात नसलेली गोष्टही जगात असते."

"पण मावशी, ही प्लांट्स फक्त चौकटच्या आत आहे का? बाहेर पण आहे?"

चौकटीबाहेर पाहायचं नसतं हे या मुलीला कुणी शिकवलं नाही. नमुना म्हणजे काय यावर दहा मिनिटं ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओके. बट आय वुड स्टिल लुक."

ग्रॅहमचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला. रस्तेवाल्यांना फोन करायला बाहेर गेला आणि सायकलचं हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून परत आला.

भूगर्भाचा नकाशा काढून पाहिला. त्या भागात चुना नाही. भूगर्भवाले खाली बघतच नाहीत, वरून रंग भरतात.

१७ मे, शनिवार

देविकाचं तोंड बंद करावं म्हणून आज एकटी बसने गेले. रघुवीर सोडायला तयार होता, पण कुठे जातेय विचारल्यावर मी "रानात" म्हटलं तर एकदम म्हणाला, "आज कशाला? पाऊस आहे." पाऊस नव्हता.

चौकटीबाहेर पाहिलं. एक पाऊल, दहा पावलं, सगळं रान. ब्लूबेल सुकत चाललेली. ब्रॅम्बल. ब्रॅकन. सॅनिकल नाही. वुडरफ नाही. मर्क्युरीचं एक पान नाही. माझ्या दोरीच्या आत ती तिन्ही, दोरीच्या बाहेर एकही नाही. झाडांनी काठ्या पाहून उगवायचं ठरवलं असावं.

मग खाली वाकून अंतर पाहिलं. प्रत्येक दोन रोपांमध्ये एक वीत. पहिल्या चौकटीत, दुसऱ्या चौकटीत, सगळीकडे वीतभर.

एक सॅनिकल उपटलं. मुळांशी काळ्या मातीचा घट्ट ठोकळा आणि त्यात तपकिरी धागे. मी ते चोळले, वास घेतला. काथ्या. माझं आजोळ गुहागरचं. काथ्या ओळखायला मला भिंग लागत नाही. नर्सऱ्या रोपांच्या मातीत हल्ली तो मिसळतात.

इंग्लंडच्या आदिम ओकवनात नारळाचा काथ्या! आणि मी त्यावर नवा वनस्पतिसमाज उभा केला. ओंडक्यावर बसले. ओंडका ओला होता. बसले तरी.

हे कुणाचं काम ते सांगायला नकोच. थेट मिसेस हार्टलीचं दार वाजवलं. घुबड घरातल्या जाकिटावरही होतं.

"डिअर," ती म्हणाली, "आमच्यापैकी कुणालाही सॅनिकल आणि पालक यातला फरक कळत नाही."

चोर असंच म्हणणार.

१८ मे, रविवार

ग्रॅहमला मेल लिहिला: फ्रेंड्स म्हणवणाऱ्यांनी माझ्या नमुन्यांत फसवणुकीने रोपं लावली आहेत. भाषा मला आवडली. ‘घुबडधारी टोळी’ तेवढं काढलं. जेवताना रघुवीरला वाचून दाखवला.

त्याने आमटीची वाटी खाली ठेवली. "त्यांनी नाही लावली. मी लावली."

"काय लावलं?"

"ती झाडं. सॅनिकल, वुडरफ, मर्क्युरी. ऑनलाइन मागवली."

"आणि गोल्फ?"

"गोल्फ कुठलं. मला ती काठी कशी धरतात तेसुद्धा माहीत नाही."

मी आमटीचा डाव पातेल्यात आपटला.  

"अहो, अक्कल गहाण ठेवलीत? माझं नाव आहे त्या रिपोर्टवर!"

"तूच म्हणालीस, ही सापडली तर रान वाचेल."

"सापडली तर! लावली तर नव्हे!"

"पेशंटला रक्त कमी पडलं तर आपण चढवतो, वैजू. त्याचं त्याने बनवावं म्हणून बसून राहत नाही."

"मग रक्तगट तरी विचारायचात! ती चुन्याच्या मातीतली आहेत. डब्ल्यू टेनला डब्ल्यू एटचं रक्त चढवलंत तुम्ही!"

"ते तू सांगितलं नाहीस," तो म्हणाला. "नुसती नावं सांगितलीस."

ते खरं आहे, पण मुद्दा तो नाही.

"आणि वीत-वीत अंतर?"

"ओव्हरडोस नको म्हणून."

"पाचवी चौकट का सोडलीत?"

"काटे होते. पँट फाटली, तू ओरडलीस."

मी विचारलं, का? साठीच्या माणसाने, अंगात ताप असल्यासारखं, चोरून, गुडघे टेकून? त्याने पोळीचा तुकडा आमटीत बुडवला. मग म्हणाला, "तिथून आलीस की पोळ्या लाटताना गुणगुणतेस. एकोणीस वर्षं शाळेतून आल्यावर कधी गुणगुणली नाहीस."

मी गुणगुणत नाही. मला सूरच नाही. भलतंच काहीतरी.

आमटी गार झाली. मेल पाठवला नाही.

१९ मे, सोमवार

दिवसभर ऑफिसात खुर्चीत बसून होते. गप्प राहिले तर रान वाचतं. रोपं खरी आहेत, पानं खरी आहेत, उद्या कुणी जाऊन पाहिलं तर दिसतील. काथ्या बघायला कोण वाकतंय? बोलले तर रान जातं आणि ग्रॅहमला पेढे वाटायची सोय होते. खरं बोलून आपल्याला नकोशा माणसांचं भलं करायचं, यासारखा अपमान नाही.

देविकाने विचारलं, "मावशी, बाहेर पाहिली?"

"पाहिली," म्हटलं. "नाहीत."

ती उठली. कॉफी आणून ठेवली.

चारच्या सुमारास ग्रॅहमच्या खोलीत जाऊन सांगितलं: त्या चार चौकटींतल्या तीन जाती लावलेल्या आहेत, नोंदीतून काढतेय, रान डब्ल्यू टेन. कुणी लावल्या ते कळलं का, त्याने विचारलं. "कळलंय. पुन्हा होणार नाही," म्हटलं.

ग्रॅहम उठला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "वैजयंती, दॅट इज रिअल इंटेग्रिटी."

मिसेस हार्टलीने धरला होता तोच हात. त्याची इतकी घाण कधी वाटली नव्हती.

२४ मे, शनिवार

ती रोपं रानात ठेवणं बरोबर नाही. परकी आहेत. रघुवीरला खुरपं दिलं आणि घेऊन गेले. मी उपटायला सांगितलं होतं, पण तो प्रत्येक रोप दोन्ही हातांनी उचलून ट्रेमध्ये ठेवी. टाके काढतात तसं.  

परत निघताना मी पुन्हा त्या उंचवट्यावर धडपडले. त्याने हात दिला. त्याला धाप लागली होती, तिथेच टेकला.

"हा बांध कुणी घातला असेल गं?" म्हणाला.

"कसला बांध? उंचवटा आहे."

"बांधच आहे. आमच्या ताथवड्याच्या शेताला होता अगदी असाच. इकडे चर, इकडे माती. कुणीतरी चर खणून ती माती वर टाकली. आपोआप कशाला अशी सरळ रेष येईल?"

मी उभी राहिले. पहिल्यांदाच त्या उंचवट्यावर उभी राहून दोन्हीकडे पाहिलं. तो रानाच्या पूर्ण कडेने वळत गेला होता. चर बाहेरच्या बाजूला, माती आतल्या बाजूला. म्हणजे जनावर बाहेरून आत येऊ नये म्हणून. आत जपण्यासारखं काहीतरी असल्याशिवाय एवढं कोण खणतं? आणि बांधाच्या माथ्यावर ओकचे बुंधे, पुन्हा पुन्हा तोडून फुटलेले, दोघांनी कवेत घेतले तरी हात पोचणार नाहीत एवढे. या बुंध्यांना धरून मी तीनदा सावरले होते. चौकटीत नव्हते म्हणून दिसले नाहीत.

"काय झालं?" रघुवीर म्हणाला.

"उठा. त्यावर बसू नका."

३० मे, शुक्रवार

रिपोर्ट दिला. वनस्पती: डब्ल्यू टेन, सामान्य. सोबत जोडपत्र: सीमेचा बांध आणि चर, सलग, माथ्यावर अतिशय जुने तोडीचे बुंधे, पुरातत्त्वाच्या जाणकाराने पाहणं आवश्यक. फोटो रघुवीरने काढले. प्रत्येक फोटोत मोजमाप कळावं म्हणून स्वतःचा बूट ठेवला. गोल्फचा नव्हे.

ग्रॅहमने जोडपत्र दोनदा वाचलं. "इज दिस स्ट्रिक्टली अवर रेमिट?" म्हणजे, हे आपलं काम आहे का.

"परवा तुम्ही ज्या गोष्टीचं कौतुक केलंत ना," मी म्हटलं, "ती दोन्ही बाजूंनी चालते."

कंत्राट जुलैच्या पुढे वाढणार नाही, हे त्याने संध्याकाळच्या मेलमध्ये कळवलं. ‘विथ रिग्रेट’. दाढीवाल्यांना खेद फार पटकन होतो.

२६ जून, गुरुवार

कौन्सिलची बैठक. मी मागे बसले. बाजूला रघुवीर, पुढच्या रांगेत घुबड. पुरातत्त्वाच्या माणसाने सांगितलं की बांध मध्ययुगीन आहे, म्हणजे रान तेव्हापासून रान आहे. दहा मिनिटं बांधावर बोलला, प्रेमात पडल्यासारखा. रस्त्याला वळसा मंजूर.

वनस्पतींबद्दल कागदपत्रांत एकच वाक्य होतं: ‘द फ्लोरा इज अनरिमार्केबल.’

तीस वर्षांचं शास्त्र, दोन पाहण्या, पाच चौकटी. अनरिमार्केबल. दखल घ्यावी असं काही नाही. आणि ते खरं आहे, मीच लिहून दिलंय.

मिसेस हार्टली बाहेर येऊन म्हणाली, "वी फेल्ट इट, डिडन्ट वी?" मी बिस्किटांसाठी आभार मानले. एवढंच शक्य होतं.

घरी येताना रघुवीर गाडीत कोड्यातला शब्द विचारत होता. मी सांगितला नाही. सगळ्या गोष्टी त्याला फुकट मिळता कामा नयेत.

२२ फेब्रुवारी, रविवार

बऱ्याच महिन्यांनी लिहितेय. मधल्या काळात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आठवड्यातून दोनदा पॉटर्स कॉप्सला जाते, बिनपगारी. ओंडक्यासाठी. देविका एकदा आली होती, "ही बांध किती लाँग आहे" म्हणाली. सुधारलं नाही.

ट्रेमधली ती रोपं रघुवीरने मागच्या अंगणात लावली होती. या अंगणात कधीच काही उगवलं नाही, म्हणून मी लक्षही दिलं नाही. आज कपडे वाळत घालायला गेले तर कुंपणाच्या कडेने हिरवा गालिचा. मिल्टन कीन्सची चिकणमाती. चुन्याची. हे मला बावीस वर्षं माहीत होतं आणि बावीस वर्षं मी कढीपत्ता मरतो म्हणून मातीला शिव्या देत होते.

सॅनिकल अजून झोपलंय. मर्क्युरी मात्र वर आलीये, दाट. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तिच्यात फारसं काही नाही. दिसायला सामान्य, फुलं हिरवी, कुणाच्या लक्षातही येत नाहीत. चोळली तर वास बरा नाही. विषारीसुद्धा आहे, भाजी समजून खाऊ नये. पण माती मानवली की एका जागी ठाण मांडते आणि शेकडो वर्षं हलत नाही. असे एक गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत.

त्याने भोवती माझ्याच चार बांबूच्या काठ्या रोवून दोरी बांधली होती. नमुना व्यवस्थित राहावा म्हणून, म्हणाला.

डब्ल्यू एट. पक्की.

मी काठ्या काढल्या. दोरी सोडवून कुंपणाला बांधली आणि तिच्यावर त्याची फाटकी पँट वाळत घातली.